येळवसाची भज्जी आणि एकच कागद

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागात त्या दिवशी घरं ओस आणि शेतं भरलेली असतात. कडब्याची कोप, तिच्यात पांडवांची पूजा, आणि मग पंगत: भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर. जो कुणी बांधावरून जाईल त्याला हात धरून जेवायला बसवतात. त्या दिवशी आमचा दवाखाना रिकामा असतो आणि दुसऱ्या दिवशी पोटं धरून लोक येतात. बहुतेकांचं तासाभरात निभावतं.

मी तिथली नर्स. माझ्याकडे मात्र वेगळे पेशंट येतात. ऑपरेशन करून ज्यांच्या आतड्याचं तोंड पोटावर काढलंय, त्यांची पिशवी, तिच्याभोवतीची कातडी आणि त्यांचं जेवण हे माझं काम. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. पेशंट सरळ ‘पिशवी’ म्हणतात.

त्या सकाळी ओपीडी उघडायच्या आत औसा तालुक्यातले एक मामा कॅज्युअल्टीत आले होते. पन्नाशी ओलांडलेले, शेतकरी. गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन मोठ्या शहरात झालेलं, आतला जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याचं तोंड उजव्या बाजूला तात्पुरतं बाहेर काढलेलं. म्हणजे इलिऑस्टॉमी. ऑपरेशनला आठवा आठवडा चालू होता. मामा गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडलेले, दर पाच-सात मिनिटांनी कळ यायची तशी मूठ आवळायची.

मामी म्हणाल्या, “रात्रीपासून पिशवी भरतच नाही बगा. पहाटं नुसतं पाणी आलं, ते बी लई घाण वासाचं. अन् आता मळमळायलंय म्हणतेत.”

पिशवीत पाणी आलं म्हणजे वाट मोकळी झाली, असं घरच्यांना वाटतं. तसं नसतं. वाट अर्धवट अडली की घट्ट माल मागे अडकतो आणि फक्त पाणी कडेकडेने झिरपतं. त्या पाण्याला जुलाब समजून कुणी जुलाब थांबवायची गोळी दिली, तर काम आणखी बिघडतं. मामांच्या बाबतीत उलटं होऊ घातलं होतं: चुलत्यांनी एरंडेल आणून ठेवलं होतं. मामींनी ते दिलं नाही, ही त्या दिवसातली पहिली चांगली गोष्ट. इलिऑस्टॉमीवाल्याला रेचक द्यायचं नसतं. वाट बंद असताना तर नाहीच.

मी पिशवी काढली. स्टोमा लालच होता, ओलसर होता, म्हणजे रक्तपुरवठा ठीक. पण सुजून चांगलाच फुगला होता आणि पिशवी पोटाला चिकटवणाऱ्या चकतीचं भोक त्याला कचत होतं. काळा किंवा जांभळा दिसला असता तर तिथूनच थिएटरकडे धाव घ्यावी लागली असती. नवी चकती भोक मोठं कापून लावली. सुजलेल्या स्टोमाला आवळत राहिलं तर सूज वाढतच जाते.

“काय जेवलात?” हा प्रश्न मी नेहमी दोनदा विचारते. पहिल्यांदा पेशंट सांगतो ते आणि दुसऱ्यांदा बायको सांगते ते, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मामा म्हणाले, “आंबील पिली. अन् उलीशी भज्जी.” मामी म्हणाल्या, “दोन ताटल्या. वरून हुरडा. शेंगा बी.”

भज्जी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. ही कांद्याची भजी नव्हे. सोलाणे म्हणजे हरभऱ्याचे ओले दाणे, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, पावट्याचे दाणे, शेंगदाणे, मेथी, चाकवत, पालक, जे शेतात असेल ते बेसन आणि ताकात शिजवून केलेला घट्ट रस्सा. चवीला तोड नाही. आणि इलिऑस्टॉमीला अडकायला जे जे लागतं ते सगळं एकाच पातेल्यात.

दाण्याची साल, पाल्याच्या काड्या, कणसाच्या दाण्याचं आवरण, हे तुमच्या-माझ्याही लहान आतड्यात पचत नाही. आपल्याकडे ते मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू त्याला काहीसं मऊ करतात आणि पुढची वाट रुंद असते. मामांचा माल तिथवर पोचतच नव्हता. त्याला पोटाच्या भिंतीतल्या स्नायूंच्या थरातून वर येऊन बाहेर पडायचं होतं. ती जागा अरुंद, त्यात ऑपरेशननंतरची सूज उतरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. न चावलेले दाणे तिथे एकमेकांना धरून बसतात.

सर्जन सरांनी एक्स-रे मागवला, सलाईन लावलं, रक्त पाठवलं. फिल्मवर आतड्यात हवा-पाण्याच्या पायऱ्या दिसत होत्या, म्हणजे वाट अडलेली. रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, १२८ आलं, म्हणजे कमी; किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनीन थोडं वर. शरीर आधीच सुकलेलं होतं. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. मोठं आतडं पाणी आणि मीठ परत ओढून घेतं. ते वाटेतून निघालं की दोन्ही पिशवीत जातात. घडी बसलेल्या इलिऑस्टॉमीतून दिवसाला ५०० ते ८०० मिलिलिटर येतं. दीड लिटरच्या वर गेलं की काळजीचं. आणि मामांना गावात कुणी तरी ‘ऑपरेशन झालंय, मीठ कमी खा’ असं सांगितलेलं! त्यांनी मीठ तोडलं आणि तहान लागली की तांब्याने साधं पाणी. अशा पेशंटमध्ये नुसतं पाणी भरपूर प्यायलं तर पिशवी आणखी भरते आणि मीठ आणखी जातं.

उलटी झाल्यावर नाकातून नळी टाकली. मग सरांनी हातमोज्याला जेल लावून बोट घातलं आणि स्नायूच्या थरापाशीच कडक गोळा लागला. मऊ नळी हलक्या हाताने आत सरकवून ३०-४० मिलिलिटर कोमट सलाईन सोडायचं, बाहेर येऊ द्यायचं, परत सोडायचं. जोर लावायचा नाही, कारण आतडं फाटू शकतं. हे घरी करायचं काम नाही, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण सायकलच्या ट्यूबची नळी घेऊन प्रयत्न केलेला माणूस मी पाहिला आहे.

बराच वेळ नुसतं पाणी येत राहिलं. आम्ही मामांना पाय पोटाशी घेऊन कूस बदलायला लावत होतो, स्टोमाच्या भोवती बोटांनी हलकं चोळत होतो. दुपारच्या सुमारास ट्रेमध्ये पहिला हिरवा दाणा पडला. मग दहा. मग एकदम ओंजळभर: अख्खे सोलाणे, तुरीचे दाणे, हुरड्याचे दाणे जसेच्या तसे, आणि या सगळ्याला बांधून ठेवणारी मेथीच्या काड्यांची दोरी. मामा उठून बसायला लागले. मामींनी ट्रेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, एक बी चावला नाहीसा?”

आता मधली गोष्ट. मामांची ट्रॉली वॉर्डात गेल्यावर मी माझ्या खोलीत आले तर बाहेर एक आजी बसलेल्या. निलंग्याकडच्या, सत्तरीच्या. नेहमीच्या तपासणीला मुलगा घेऊन आला होता. त्यांचाही कॅन्सर गुदाशयाचा, पण खूप खाली असल्याने गुदद्वार कायमचं बंद करून मोठ्या आतड्याचं टोक डाव्या बाजूला काढलेलं. कोलोस्टॉमी. पाच महिने झालेले. वजन ८ किलोने उतरलं होतं, ब्लाउज खांद्यावरून घसरत होता. तक्रार एकच: तीन-तीन दिवस पिशवीत काही येत नाही, आणि येतं ते लेंड्यांसारखं.

“काय जेवता, आजी?”

“मऊ भात. वरणाचं पाणी. चहा-बिस्किट.”

“काल येळवसाला?”

“सगळे भज्जी जेवले. मी माझा भाताचा डबा नेला होता.”

मुलाने खिशातून प्लास्टिक चढवलेला कागद काढला. तोच कागद सकाळी मामींच्या पिशवीतही पाहिला होता, शब्द न् शब्द सारखा. दोघांची ऑपरेशनं वेगवेगळ्या ठिकाणी झालेली. कुठल्या तरी परदेशी पत्रकावरून उतरवलेलं असणार: सेलरी नको, मश्रूम नको, पॉपकॉर्न नको, सुकामेवा नको, कच्च्या भाज्या नकोत, सालीसकट फळं नकोत. खाली एक ओळ: ‘६ आठवड्यांनंतर नेहमीचा आहार सुरू करावा.’

मामांनी शेवटची ओळ वाचली आणि जामिनाची तारीख मोजावी तसे आठवडे मोजले. सहा आठवडे संपले, सुटलो. आजींच्या मुलाने वरच्या ओळी वाचल्या आणि आईवर कायमच्या लावल्या. कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं की ही यादी प्रामुख्याने लहान आतड्याच्या स्टोमासाठी आहे. आजींचं मोठं आतडं बहुतेक सगळं शाबूत होतं. त्यांना हवं होतं नेमकं तेच जे त्या कागदाने बंद केलं होतं: भाकरी, शिजलेली पालेभाजी, पपई, आणि दिवसभर पाणी. मी हे सांगितलं तेव्हा मुलगा गप्प बसला. आजी मात्र लगेच म्हणाल्या, “मेथीची भाजी बी?” मेथी, चाकवत, सगळं. आधी थोडं, बारीक चिरून, गॅस धरतो का ते बघत. मग ठेच्याचा विषय निघाला. ठेचा झोंबला तर आपोआप कमी कराल, असं मी म्हटलं.

मामा दोन दिवसांनी घरी जाताना मी त्यांना आणि विशेषतः मामींना समोर बसवलं. सहा आठवड्यांनंतर परवानगी असते ती सुरुवात करायची, तीही एकेका पदार्थाने. एक नवा पदार्थ, एक-दोन चमचे, दुपारच्या जेवणात. रात्री नको, म्हणजे काही झालं तर उजेडात कळतं. दोन-तीन दिवस थांबायचं, पिशवीकडे बघायचं, वहीत लिहायचं, मग दुसरा. आणि घास तोंडातच पातळ होईपर्यंत चावायचा. दात नसतील तर खलबत्ता वापरा. मामांच्या दाढा दोन्ही बाजूंच्या गेल्या होत्या. तेवढं विचारलं असतं तर निम्मा उलगडा झाला असता.

मग आम्ही दोघींनी स्वयंपाकघर चाळून काढलं. आंबील: चालेल, ताक-मिठासकट, उलट चांगली. भाकरी: वरणात कुस्करून. शेंगदाणे: अख्खे नाहीत, बारीक कूट थोडं. सोलाणे: उकडून, साल काढून, घोटून. पालक: देठ काढून, शिजवून, वाटून. शेवग्याची शेंग: गर ओरपायचा, चोथा थुंकायचा. ओलं खोबरं: नको, वाटून गाळलेलं दूध चालेल. पेरू: नको. ऊस चघळणं: नको. बीट खाल्लं तर पिशवीत लाल दिसेल, रक्त समजून घाबरायचं नाही. माल पातळ झाला तर केळं, मऊ भात, साबुदाण्याची खीर, उकडलेला बटाटा. ओआरएसचं पाकीट १ लिटर पाण्यात, घोट घोट. आणि कळा येऊन पिशवी चार-सहा तास कोरडी राहिली किंवा उलटी झाली, तर चुलत्यांना विचारत बसायचं नाही, निघायचं.

यातलं निम्मं मामींनीच सुचवलं. पुस्तकात उंडे नसतात, भज्जी नसते. आमचा पेशाच मुळात पेशंटच्या घरातून आला आहे. अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकचे डॉ. रुपर्ट टर्नबुल यांनी नॉर्मा गिल या बाईंना १९५८ साली कामावर घेतलं, ते त्या स्वतः पोटावर इलिऑस्टॉमी घेऊन वावरत होत्या म्हणून. १९६१ साली तिथे या कामाचं शिक्षण सुरू झालं. तेव्हा माझ्यासारखीने मामींकडून भज्जी शिकावी, हे रीतीला धरूनच आहे.

आता आमच्याकडे दोन वेगळे कागद आहेत, उजव्या बाजूच्या पिशवीचा गुलाबी आणि डाव्या बाजूचा पिवळा. देण्याआधी स्टोमा कुठल्या आतड्याचा ते डिस्चार्ज कार्डावर बघावंच लागतं. बाजू नेहमी खरं सांगते असं नाही. गुलाबी कागदावरच्या हुरड्यावरून सरांचं आणि माझं अजून जमत नाही. ते म्हणतात, पिशवी असेपर्यंत ‘नको’ असं सरळ लिहा. मी म्हणते, ‘नको’ लिहिलं तर माणूस शेतात जाऊन गुपचूप खाणार. त्यापेक्षा ‘वाटून, एक चमचा’ लिहू. मामींना फोन करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, “वाटलेला हुरडा कोण खातंय, सिस्टर? नकोच लिवा.”