ट्रॉफीवर माझं नाव नव्हतं

सांगलीच्या गावभागात आमच्या घरी शोकेसच्या वरच्या फळीवर एक सोनेरी ट्रॉफी आहे. खालच्या काळ्या ठोकळ्यावर पितळी पट्टी, पट्टीवर ‘सर्वोत्कृष्ट बालकलाकार – छोटी’. छोटी म्हणजे मीच, पण ते मालिकेतलं नाव. २०१२ साली मी नऊ वर्षांची होते तेव्हाची ही गोष्ट. मालिका दीड वर्ष चालली आणि मारुती चौकातल्या भाजीवाल्या मावशींपासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळ्यांसाठी मी कायमची छोटी झाले.

त्या दीड वर्षात सत्कार किती झाले म्हणता! गणेश मंडळं, पतसंस्थेचा वर्धापनदिन, हळदीकुंकू, शाळांची गॅदरिंगं. सतरा शाली आल्या होत्या, आईनं मोजल्या होत्या. बहुतेक वाटून टाकल्या, एक अजून इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेली असते.

२०२३ मध्ये मी केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या तरुण कलाकारांसाठीच्या शिष्यवृत्तीला अर्ज करायचं ठरवलं. वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं, देशभरातून ४०० जागा. नाटकही त्यात बसतं, म्हणजे अभिनय, दिग्दर्शन वगैरे. नाट्यलेखन मात्र नाही. अर्ज सीसीआरटीकडे, म्हणजे याच मंत्रालयाच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राकडे करायचा. फॉर्म वाचताना ‘पुरस्कार व सन्मान’ दिसलं आणि मी निवांत झाले. म्हटलं, इथं आपला हात कोण धरणार?

तिथंच गाडी अडली. पुरस्कार म्हणजे कागद. ट्रॉफीचा फोटो लावला तर त्यावर ‘छोटी’, आधारवर माझं नाव. वाहिनीला मेल केला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की इतकं जुनं रेकॉर्ड उपलब्ध नाही. निर्मात्यांच्या ऑफिसचा फोन लागला तो कुणा भलत्याच माणसाला. करार शोधला, तर तो बाबांच्या नावावर. चेकही त्यांच्याच नावाचे. बाबांनी पैसे उडवले असं अजिबात नाही, घराचा स्लॅब त्यातूनच पडला. पण कागदावर बघाल तर मी कधी काम केलंच नव्हतं. बालकलाकाराच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावानं बँकेत ठेवायचे आणि दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही, हे नियम २०१७ मध्ये आले. तोवर माझी मालिका संपून, दुधाचे दात पडून, मी आठवीत गेले होते.

उरलेली प्रमाणपत्रं एका पिशवीत होती आणि पिशवी दिवाणाखाली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही बोटीत बसलो तेव्हा आजीनं ट्रॉफी पदरात गुंडाळून घेतली होती. पिशवी कुणाच्या ध्यानातच आली नाही. पाणी ओसरल्यावर ती उघडली तर आत एकच करडा गठ्ठा. वरचा कागद सोलायला गेले तर खालच्या कागदाची शाई त्याच्या पाठीला चिकटून वर आली. एका ठिकाणी फक्त ‘हार्दिक’ एवढं वाचता येत होतं.

रडकुंडीला येऊन विश्रामबागला नाटकाच्या सरांकडे गेले. मालिका संपल्यावर आईनं मला त्यांच्याकडे घातलं होतं, मुख्य म्हणजे माझा आगाऊपणा कमी व्हावा म्हणून. सरांनी फॉर्म वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“पुरस्काराचं काय घेऊन बसलीयस? हे बघ की. गुरूकडं किमान पाच वर्षं शिक्षण झाल्याचं पत्र मागितलंय. मालिकेत काम केलंस, शिकलीस कुठं?”

खरं सांगायचं तर राग आला. दीड वर्ष मुंबईला खेपा घातल्या, शॉटच्या मधल्या वेळात गृहपाठ केला, ते काय मग?

सरांनी कपाटातून प्लॅस्टिकची फाइल काढली. त्यांच्या भागात पाणी आलं नव्हतं. २०१५ च्या राज्य बालनाट्य स्पर्धेचा वर्तमानपत्रातला निकाल, खाली पेन्सिलीनं रेघ, आणि माझ्या अभिनयाच्या रौप्यपदकाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स. सांस्कृतिक कार्य संचालनालयाचा शिक्का, माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मला ते पदक आठवतही नव्हतं. त्या दिवशी ना शाल होती ना हार. भावे नाट्यमंदिराबाहेर आम्ही सगळ्यांनी भेळ खाल्ली होती, एवढंच डोक्यात राहिलं होतं. अर्जात पुरस्कार म्हणून शेवटी तेवढंच लावलं. ट्रॉफी नाही.

सरांनी पत्र तीनदा लिहिलं. पहिल्या खर्ड्यात मी ‘मालिकेतील गाजलेली’ असं घुसडलं होतं, ते त्यांनी खोडलं.

पुढचं फार रंगवून सांगण्यासारखं नाही. फोटो अपलोड होईना, सर्व्हर बसला, नेट कॅफेवाल्या दादांनी रात्री साडेदहाला अर्ज भरून दिला. बोलावणं आलं दिल्लीचं. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस पकडली, सोबत आई आणि डबाभर दशम्या.

मी ‘संगीत शारदा’ नाटकातला शारदेचा प्रवेश केला. ते लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे, त्यामुळे सांगलीच्या पोरींना शारदा लहानपणापासूनच माहीत असते. झाल्यावर समितीतल्या एका बाईंनी विचारलं, मालिकेत लहानपणी रडायचे प्रसंग कसे करायचीस? मी म्हटलं, ग्लिसरीन घालायचे. आणि आता? आता विंगेत उभं राहून समोरच्याचं वाक्य नीट ऐकते, म्हटलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर आई म्हणाली, ग्लिसरीनचं कशाला सांगितलंस?

निवड झाली. पैसे दर सहा महिन्यांनी येतात आणि सहामाही अहवाल द्यावा लागतो. पहिला हप्ता ३०,००० चा. मेसेज आला तेव्हा आजी देवापुढच्या वाती वळत होती. तिला मोबाइल दाखवला. आकडा तिनं बोट लावून वाचला आणि विचारलं,

“छोटीच्या नावावर आलं का तुझ्या?”

मी आतून पासबुक आणून तिच्या मांडीवर ठेवलं.