ग्वार, इसबगोल आणि सांडलेलं पन्हं

२७ मे, रात्र

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागल्यापासून दुपारी घराबाहेर पाय ठेवायची सोय नाही. कूलरसमोर दोन पोट्टे, लेक आणि भाचा, आणि दोघांनाही स्लाइमचं, त्या ताणता येणाऱ्या लिबलिबीत गोळ्याचं, वेड. विकतची डबी उघडली की लगेच वातड होते, म्हणून इतवारी बाजारातून पुड्याच आणल्या. कॉर्नफ्लॉर, आरारूट, इसबगोल, ग्वार गम. टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, काष्ठौषधीवाल्याकडून. फेविकॉल मुद्दाम घेतला नाही. फेविकॉलमध्ये टाकणखाराचं पाणी घालून स्लाइम कोणालाही जमतं. आमटी-सॉस दाट करणाऱ्या भुकट्या काय करतात ते मला बघायचं होतं.

कॉर्नफ्लॉरचं कौतुक फार होतं, माझ्या मते जरा जास्तच. दोन वाट्या पिठाला वाटीभर पाणी. बोट हळू घातलं की आत जातं, बुक्की मारली की घट्ट. कच्च्या स्टार्चचे कण पाण्यात सुटे तरंगत असतात, दणका बसला की एकमेकांना अडतात. भाचा बुक्क्या मारून दमला, पण ते ताणलं जात नाही आणि जरा ठेवलं की पीठ तळाशी बसतं. शिजवलं तर सरळ खळ होते. आरारूट शिजवल्यावर जास्त पारदर्शक आणि थोडं चिवट निघालं. सासूबाई डोकावून म्हणाल्या, "चीक करून राहिली का तुम्ही? मग घोटा नं नीट, कच्चा ठेवला तर कुरडई तुटते." त्यांना यात नवं काहीच दिसेना. कॉर्नफ्लॉरच्या खळीला सकाळी कडेनं पाणी सुटलेलं होतं. स्टार्चच्या साखळ्या थंड झाल्यावर पुन्हा जवळ येतात आणि धरलेलं पाणी सोडून देतात.

इसबगोलनं मात्र चकित केलं. चमचाभर भुशी मिक्सरमधून बारीक केली, कपभर पाण्यात कालवली आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवली. फसफसून वर आलं की बंद करायचं, खाली बसू द्यायचं, पुन्हा लावायचं. दर उकळीला घट्टपणा वाढत जातो. शेवटी ताटलीत ओतलेला गोळा थंड झाल्यावर अख्खाच्या अख्खा उचलता आला, हाताला चिकटलाही नाही. यात टाकणखार लागत नाही, म्हणून लहानांसाठी हाच बरा. फक्त कोरडी भुशी त्यांच्या तोंडात जाऊ देऊ नये, घशात फुगते.

खरी मजा ग्वार गमची. आपल्या गवारीच्याच बियांची ही भुकटी, बहुतेक राजस्थानातून येते. १९७६ मध्ये मॅटेल कंपनीनं हिरव्या कचरापेटीच्या आकाराच्या डबीत जे पहिलं 'स्लाइम' विकलं, त्यातही ग्वार गम आणि टाकणखारच होता. कपभर पाण्याला अर्धा छोटा चमचा पुरतो, पण नुसती भुकटी पाण्यात टाकली की बाहेरून ओली, आतून कोरडी अशा गाठी होतात आणि मग कितीही घोटा, मोडत नाहीत. सासूबाईंनी चमचा हातातून घेतला. "साखरेत कालव आधी, मग झुणक्याचं पीठ वैरतो तशी वैर." एका हातानं वैरत, दुसऱ्यानं हलवत त्यांनी एक गाठ होऊ दिली नाही. साखरेमुळे कण सुटे राहतात, एवढंच तंत्र.

मग त्यात मी टाकणखाराचं पाणी चमच्याचमच्यानं घातलं. पळी फिरवता फिरवता अचानक जड झाली आणि भांड्यातलं सगळं एकजीव होऊन पळीबरोबर वर आलं. ग्वारच्या लांब साखळ्यांमध्ये टाकणखार सांधे जोडतो. हे सांधे सारखे सुटतात आणि पुन्हा जुळतात, म्हणून गोळा हातावर ठेवला की ओघळतो, झटक्यानं ओढला की तुटतो.

तेवढ्यात भाच्याच्या हातून पन्ह्याचा पेला त्यावर कलंडला. आधी रडारड. पण स्लाइम विरघळायला लागलं! जिथे पन्हं पडलं तिथला भाग पातळ होऊन ताटात पसरला. कैरीच्या आंबटपणानं ते सांधे टिकत नाहीत. आंबटपणा मारायला मी चिमूटभर खायचा सोडा भुरभुरला, बुडबुडे आले, चमच्यानं ढवळलं तर हळूहळू पुन्हा घट्ट. मग काय, लिंबू आणि सोडा आलटून पालटून सुरू झालं. लिंबं महाग झालीत याची कोणाला फिकीर! सोडा नि लिंबू मिळून क्षार वाढत गेला आणि गोळा शेवटी भुसभुशीत झाला, तेव्हाच हे थांबलं.

भाच्यानं कॅरमची पावडरही सुचवली. ती बहुधा बोरिक ॲसिडच असते, सोड्याबरोबर तिचंही काम होईल. पण तिलाही टाकणखाराचेच नियम. दोन्ही पोटात जाता कामा नयेत. युरोपात टाकणखाराची नोंद प्रजननाला घातक पदार्थांत आहे. पाणी मी स्वतः केलं, डबीवर मोठ्या अक्षरात नाव लिहून वरच्या फळीवर ठेवली, खेळून झाल्यावर दोघांचे हात साबणानं धुतले. ज्या पातेल्यात हे झालं ते आता स्वयंपाकाला नाही, यावर सासूबाई नाराज आहेत.

सगळं आवरून गोळे फेकायला निघाले. सिंकमध्ये नको, ग्वार फुगून पाइप तुंबेल. लेकीनं कचऱ्याच्या दोन्ही डब्यांची झाकणं उघडून विचारलं, "ओला की सुका?" इसबगोल ओल्यात गेला. ग्वारचा गोळा मी जुन्या पेपरात गुंडाळून सुक्यात टाकला. टाकणखार खतात उतरला तर झाडं जळतील. तिला ते पटलेलं नाही. गाडीवाल्याला उद्या ती स्वतः विचारणार आहे.