परदेशी पाहुणे आणि बडोद्याचा गरबा: आधी पायांचं बघा

"अहो, परदेशी पाहुण्यांना कोण अडवतंय, आणा बिनधास्त!" असं बडोद्यातल्या प्रत्येकाने सांगितलं. अडवलं कोणीच नाही, खरं आहे. पण मोठ्या मैदानावर अनवाणी नाचायचं असतं, हे एकानेही सांगितलं नाही.

पाहुणे म्हणजे नवऱ्याच्या ऑफिसातलं जर्मन जोडपं. डोंगर चढणारी माणसं, दमाची काळजी नव्हती. मैदानाच्या मध्यभागी देवी, भोवती एकात एक वर्तुळं, म्हणून चपला बाहेर. श्रद्धेचं त्यांना लगेच पटलं. पटली नाही ती जमीन. पाऊस नुकताच गेलेला, वर चिखलाचा थर आणि खाली खडी. पासचे पैसे मोजूनही ही अवस्था. बडोदेकर त्यावरून गालिच्यावरून जावं तसे फिरत होते, आमच्या जर्मन बाईंच्या टाचेला पहिल्या अर्ध्या तासात चीर पडली. मोजे घालू नका, चिखलात ते घसरतात. टाचेला आणि चवड्याला मेडिकलमधली कापडी चिकटपट्टी घरूनच लावून जा. बूट गाडीत ठेवा. चपला सांभाळणाऱ्याने गोरे पाय बघून जोडीमागे शंभर मागितले, आमच्या पुढच्या बाईंकडून दहा घेतले. गेटबाहेर दांडियाही त्यांच्या गळ्यात मारल्या, तीनशेला जोडी. आत फक्त टाळ्यांचा गरबा! दांडिया घेऊ नका म्हणजे नकाच.

पाहुण्यांना आधी पढवायच्या गोष्टी: वर्तुळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. बाहेरच्या कडेला राहायचं. दमलं तर प्रवाहाबरोबर पुढे सरकत बाहेर यायचं, आडवं नाही. मध्येच थांबून सेल्फी काढला की मागून धडका बसतात आणि चूक पाहुण्यांचीच ठरते. गाणं संथ सुरू होऊन वेग घेतं, तेव्हा दोन टाळ्यांचा गरबा घरीच घोटवून घ्या. आरतीला सगळे थांबतात, तेव्हा पाणी पिणं, गप्पा बंद. प्रसाद उजव्या हातात. कपडे भाड्याने घ्या. विकत घेतलेली चनियाचोळी म्युनिकला कुठे घालणार? पुरुषाला झब्बा पुरतो.

आता घरातलं. उतरलो आतेसासूबाईंकडे, दांडियाबाजारात. देवघरात घट बसलेले, अखंड दिवा, आत्यांचा उपास. पाहुण्यांनी भेट म्हणून काढली वाइनची बाटली! गुजरातेत 1960 पासून, म्हणजे राज्य झाल्यापासून, दारूबंदी आहे. परदेशी पर्यटकाला पासपोर्ट दाखवून परवाना मिळतो, पण परवान्याशिवाय पिशवीतून बाटली आणणं हा गुन्हा आहे. गाडीत बसण्याआधीच त्यांच्या सामानाचं विचारून घ्या. सुकामेवा आणा म्हणावं.

परदेशी माणूस घरी उतरला तर 24 तासांत सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते. नातेवाइकांना हे माहीत नसतं आणि "आपल्याकडे कोण बघतंय" हे उत्तर ठरलेलं. बसून भरा, हा वाद घालू नका.

जेवणाचा आग्रह त्यांना छळ वाटतो. "नको" तीनदा म्हणूनही पोळी पडतेच. उपाय एकच: ताटावर आडवा हात धरायला शिकवा. ताटात टाकलेलं मात्र आत्यांना अजिबात चालत नाही. ओटी भरताना बाईंनी ओढणी पुढे करायची, नारळ तळहातावर घ्यायचा नाही, हे मी दाखवलं आणि ते त्यांनी सगळ्यात छान केलं. निघताना वाकून नमस्कार केला तर आत्या विरघळतात, मिठी मारली तर दोन पावलं मागे जातात.

लक्ष्मीविलास राजवाडा (1890, सयाजीराव तिसरे) एका सकाळी होतो. सोमवारी बंद, आत फोटो नाहीत. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, जरूर बघा. दोन्हीकडे सगळं सुरळीत झालं, जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

बारा वाजता लाउडस्पीकर बंद होतो आणि सगळं शहर एकदम रस्त्यावर येतं. गेटवरचा रिक्षावाला पाहुणे बघून तिप्पट सांगतो. मुख्य रस्त्यापर्यंत चाला, मग ॲपवरून बोलवा, आणि बोलताना पाहुण्यांना मागे ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही ठरवू नका. सेवउसळ खायला दुपारी न्या आणि तर्री वेगळ्या वाटीत मागा. आमच्या जर्मन साहेबांनी ती थेट ओतून घेतली, मग दोन बाटल्या ताक लागलं.