वेल्स-गार्डनर १९के७०००: काळा पडदा, काळा फ्यूज

मंडळी, कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' (१९९३) ज्या आर्केड कॅबिनेटमध्ये (पार्लरमधल्या गेम मशीनमध्ये) बसवायचा घाट घातला आहे, त्याच्या मॉनिटरचं काम आता मार्गी लागलंय. आपल्याकडे पार्लरमध्ये हा गेम 'मुस्तफा' या नावानेच ओळखला जायचा, त्यामुळे तो एलसीडीवर नाही, पिक्चर ट्यूबवरच खेळायचा हे पक्कं होतं. कॅबिनेट इथे अमेरिकेतच मिळालं. आत १९ इंची के७०००, वेल्स-गार्डनरचा, म्हणजे शिकागोचाच.

कॅबिनेट चालू केलं की गेमचा आवाज व्यवस्थित यायचा, कॉइनची नोंद व्हायची, स्टार्टचं बटणही चालायचं. पडदा मात्र ठार काळा. काचेवर हात फिरवला तर केस उभे राहात नव्हते, ट्यूबच्या मानेत नारिंगी उजेड नव्हता, चालू करताना डीगॉसिंगचा (ट्यूबवरचं चुंबकत्व घालवण्याचा) 'धूप' आवाजसुद्धा नाही. आवाज येतोय म्हणजे गेम बोर्डाचा पॉवर सप्लाय ठीक आहे. मॉनिटरला वीज वेगळ्या वाटेने, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून (मेन्सपासून वेगळं ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून) येते. हा ट्रान्सफॉर्मर कधीही वगळू नका. या चासीचा (मॉनिटरच्या सर्किट बोर्डाचा) ग्राउंड थेट मेन्सशी जोडलेला असतो, त्यामुळे मध्ये ट्रान्सफॉर्मर नसेल तर गेम बोर्डही जाईल आणि तुम्हालाही झटका बसेल.

मानेत उजेड नाही म्हणून ट्यूब गेली, असं समजून पुष्कळ जण अख्खा मॉनिटर भंगारात टाकतात. हे मला मनापासून खटकतं. या मॉनिटरमध्ये फिलामेंटला (मानेतल्या तापणाऱ्या तारेला) लागणारे सुमारे ६.३ व्होल्ट फ्लायबॅकच्याच (ट्यूबसाठी हाय व्होल्टेज बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्याच) एका वाइंडिंगमधून येतात. हॉरिझाँटल (चित्र आडवं आखणारा विभाग) बंद म्हणजे फ्लायबॅक बंद, आणि मग कितीही ठणठणीत ट्यूब असली तरी मान काळीच राहणार. अशा ट्यूब आता कोणी बनवत नाही, तेव्हा ट्यूबवर शेवटी संशय घ्या.

चासी बाहेर काढण्याआधी अॅनोड (ट्यूबचं हाय व्होल्टेजचं टोक) डिस्चार्ज केला. स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधून तिचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरच्या विणलेल्या उघड्या तारेला लावायचं, बोर्डाच्या ग्राउंडला नाही. थोड्या वेळाने पुन्हा एकदा करायचं, कारण काचेत उरलेला चार्ज परत वर येतो. मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये दीडशेच्या वर व्होल्ट साठलेले असू शकतात. तोही मीटरने तपासून, रेझिस्टर लावून रिकामा केला.

मॉनिटरच्या प्लगवर ११८ व्होल्ट एसी मिळाले, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत सगळं ठीक. फ्यूज उडालेला होता. तो कसा उडालाय हे नीट बघा. तार मधोमध शांतपणे तुटली असेल तर बहुधा वय झालेलं असतं. माझ्या फ्यूजची काच आतून चंदेरी-काळी झाली होती, तारेचा मागमूस नव्हता. म्हणजे पुढे सरळ शॉर्ट आहे. अशा वेळी नवा फ्यूज घालून बघणं म्हणजे एक फ्यूज फुकट घालवणं, आणि जास्त अँपिअरचा घालणं म्हणजे बोर्ड जाळणं.

रेक्टिफायरचे चारही डायोड चांगले निघाले. डीगॉस कॉइलचा प्लग काढून ठेवला, कारण त्याचा पोझिस्टर (तापला की करंट रोखणारा पार्ट) शॉर्ट झाला तरी असाच फ्यूज जातो. मग फ्लायबॅक चालवणारा हॉरिझाँटल आउटपुट ट्रान्झिस्टर, २एसडी१३९८. बोर्डातून काढून मोजला तर कलेक्टर-एमिटर दोन्ही दिशांनी शून्य. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: याच्या पोटात डॅम्पर डायोड आणि बेस-एमिटरमध्ये छोटा रेझिस्टर असतो. त्यामुळे चांगल्या ट्रान्झिस्टरचाही बेस-एमिटर मीटरवर जवळजवळ शॉर्ट दिसतो, आणि कलेक्टर-एमिटर एका दिशेने डायोडसारखा. नवा कोरा पार्ट खराब समजून परत पाठवणारे लोक मी पाहिलेत. निकाल कलेक्टर-एमिटरवरच लावायचा.

पण हा ट्रान्झिस्टर सहसा आपणहून मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. संशयित तीन: फ्लायबॅक, वाढलेला बी प्लस (बोर्डाचं मुख्य डीसी व्होल्टेज), किंवा बेसला नीट न मिळणारा ड्राइव्ह (चालू-बंद करणारा सिग्नल).

फ्लायबॅकला रिंग टेस्टर लावला, योकचा (मानेभोवतीच्या कॉइलचा) प्लग काढून. एलईडी वरपर्यंत पेटले. आतले वेढे शॉर्ट असते तर एखाद-दुसराच पेटला असता.

मग बी प्लस. इथे एसटीआर ३०१३० हा रेग्युलेटर आहे, फिल्टरवरच्या साधारण १६० व्होल्टचे तो १३० करतो. ट्रान्झिस्टर काढलेला असताना नुसतं मोजलं तर आउटपुटला १५०-१६० दिसतात आणि माणूस घाबरून रेग्युलेटर बदलतो. रेग्युलेटरला समांतर एक मोठा पांढरा वायरवाउंड रेझिस्टर जोडलेला असतो. लोड नसला की त्यातूनच व्होल्टेज पुढे सरकतं. म्हणून बी प्लस आणि ग्राउंडमध्ये ६० वॉटचा बल्ब डमी लोड म्हणून लावला. मीटर १३०.४ वर स्थिर झाला. रेग्युलेटर सुटला.

राहिला ड्राइव्ह. बोर्ड उलटा करून भिंगाखाली धरला. ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या एका पायाभोवती केसाएवढी बारीक काळी गोल रेघ. टूथपिकने वरून ट्रान्सफॉर्मर हलवला की पाय सोल्डरच्या आत वेगळा हलताना दिसत होता. ड्राय सोल्डर! गरम झालं की संपर्क जायचा, बेसला पुरेसा करंट मिळायचा नाही, ट्रान्झिस्टर धड चालू नाही नि धड बंद नाही अशा अवस्थेत तापत राहायचा. जुनं सोल्डर शोषून काढलं, पाय घासून स्वच्छ केला, नवं सोल्डर भरलं. फ्लायबॅकचे आणि योक कनेक्टरचे पायही त्याच बैठकीत केले, कारण हीच जड, गरम होणारी मंडळी आधी सैल पडतात. १.६ केव्हीचा रिट्रेस कपॅसिटर मोजला, तो जागेवर आहे. त्याची व्हॅल्यू घटली तर हाय व्होल्टेज चढतं आणि नवा ट्रान्झिस्टरही जातो.

नवा ट्रान्झिस्टर बसवताना अभ्रकाचा वॉशर नवा घातला, पेस्ट लावली, आणि कलेक्टर हीट सिंकला टेकत नाही ना ते मीटरने पाहिलं.

पहिल्यांदा वीज दिली ती सिरीज बल्ब लावूनच. आपल्याकडच्या टीव्ही मेकॅनिकच्या टेबलावर लाकडी फळीवर होल्डर ठोकलेला तो बल्ब आठवतो ना, तोच. फ्यूजच्या जागी १०० वॉटचा, डीगॉस कॉइल अजून काढलेलीच. बल्ब क्षणभर लख्ख पेटला आणि मंदावला. तो तसाच प्रखर राहिला असता तर लगेच बंद करायचं होतं. मग खरा फ्यूज, डीगॉस जोडून पुन्हा चालू. 'धूप' आवाज आला, काही सेकंदांत मानेत नारिंगी ठिपका उजळला, आणि कॅपकॉमचा निळा-पिवळा लोगो पडद्यावर! मला फार आनंद झाला. अर्धा तास चालवून हीट सिंक पाहिला, कोमट आहे, बी प्लस १३० वरच.

चित्र अजून पूर्ण बरं नाही. खालच्या कडेला दोन-तीन ओळी दुमडतात आणि उंची थोडी कमी पडते. व्हर्टिकल विभागातले (चित्र उभं पसरवणाऱ्या भागातले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ईएसआर मीटरवर (कपॅसिटरचा आतला रोध मोजणाऱ्या) खूपच वर गेलेत. पूर्ण कपॅसिटर किट मागवलंय. तोवर कॅबिनेटचा प्लग काढून ठेवलाय. किट बसलं की फोकस, स्क्रीन आणि रंगांचं अॅडजस्टमेंट घेईन. कोणी के७००० वर व्हर्टिकल आयसी बदलली असेल तर जरूर कळवा, कपॅसिटरने भागलं नाही तर पुढचा नंबर तिचाच आहे.