पुणे ते रत्नागिरी बिऱ्हाड: ८३ पायऱ्यांची पाखाडी आणि वरचे साडेसहा हजार

आधी एकच गोष्ट सांगते, बाकी वाचलं नाही तरी चालेल. रत्नागिरीत भाड्याचं घर बघताना एजंटला "गाडी दारापर्यंत येते का" असं विचारू नका. आम्ही तेच विचारलं आणि तो म्हणाला, "हो हो, गेटपर्यंत येते." गेटपर्यंत येतेच. गेट रस्त्यावर आहे आणि घर तिथून ८३ पायऱ्या खाली आहे. विचारायचं ते असं, की शेवटच्या गाडीरस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत पायऱ्या किती, वाट किती रुंद आणि मधे वळण आहे का. तिन्ही उत्तरं घ्या, आणि कुणालातरी रस्त्यापासून चालत खाली जात व्हिडिओ काढायला लावा. आम्हाला आलेला व्हिडिओ अंगणातून सुरू झाला होता. विहीर, जास्वंद, पडवी, पडवीतून दिसणारी भाट्याची खाडी, सगळं खरं होतं, फक्त त्या अंगणात पोचायचं कसं तेवढं त्यात नव्हतं.

नवऱ्याची बदलीची ऑर्डर मे महिन्याच्या शेवटी हातात पडली, हजर व्हायचं होतं १० जूनला, मुलाची शाळा पंधरा तारखेच्या आसपास सुरू होणार, त्यामुळे घर बघायला यायला वेळच नव्हता. जूनमध्ये कोकणात बिऱ्हाड हलवू नका असं सगळ्यांनी सांगितलं होतं. बरोबर सांगितलं होतं. ऑफिस ऐकत असेल तर माणसाने एकट्याने हजर व्हावं, लॉजवर राहावं आणि सामान ऑक्टोबरात आणावं, दोन संसारांचा खर्च झाला तरी तो परवडेल असं मी आज म्हणते.

प्रवास. ७ जूनच्या रात्री दहाला पुण्याहून टेम्पो निघाला, मागे आमची गाडी. कऱ्हाड, तिथून कोकरुड, मलकापूर, मग आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा आणि रत्नागिरी, साधारण ३०० च्या वर किलोमीटर होतात. चिपळूणमार्गे येणारे कुंभार्ली घाटाने येतात पण मग चिपळूणपासून पुढे मुंबई-गोवा हायवेवर बरंच अंतर काढावं लागतं, सामानाची गाडी असेल तर आंबा घाटच धरा. फक्त रात्री नाही. आम्ही पहाटे साडेचारला घाटाच्या तोंडाशी पोचलो तर धुकं असं की टेम्पोचा मागचा लाल दिवा सोडला तर काही दिसेना, नवरा चाळीस मिनिटं त्या दिव्याकडे बघत गाडी चालवत होता आणि मी दरीच्या बाजूची पांढरी पट्टी बघत "आहे, आहे" एवढंच म्हणत होते. घाट उतरल्यावर सुटलो असं वाटलं तर पुढे चौपदरीकरणाचे डायव्हर्जन, तांबड्या चिखलात टेम्पोचं मागचं चाक दोनदा फिरलं. मलकापुरात थांबून उजाडू द्या आणि मग निघा, दोन तासांनी काही बिघडत नाही.

साडेआठला थिबा पॅलेसच्या पुढच्या उतारावर, गेटपाशी. आणि गेट उघडल्यावर ती पाखाडी.

घाटावरच्या लोकांसाठी सांगते. रत्नागिरीचं गाव एका सपाटीवर नाहीये, वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, आणि खाली समुद्र नाहीतर खाडी, आणि मधल्या उतारावर घरं, माड, आंब्याची कलमं. या घरांना रस्ता नसतो, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट असते, तिला पाखाडी म्हणतात. पायऱ्या एकसारख्या नसतात. एक वीतभर उंच, पुढची दोन वीत, मधेच एखादी एवढी लांब की दोन पावलं टाकावी लागतात. दोन्ही बाजूला चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती. आमची पाखाडी वरून ४१ पायऱ्यांपर्यंत सरळ, मग फणसाला वळसा घालून काटकोनात वळते, आणि त्या वळणावर दोन गडग्यांमधलं अंतर मी नंतर टेप घेऊन मोजलं, २ फूट १० इंच. आठवडाभर पाऊस पडून गेलेला, दगडावर हिरवं शेवाळ धरलेलं. स्पोर्ट्स शूज तिथे टिकत नाहीत, मी स्वतः दोनदा बसले. खडबडीत तळाच्या रबरी चपला किंवा गमबूट, बस.

टेम्पोवाल्याशी ठरलं होतं २४,००० मध्ये भरणं, वाहतूक, उतरवून घरात लावणं, सगळं. त्याच्या तीन माणसांनी पाखाडी बघितली, खाली जाऊन आले आणि बसले. मग मुकादम म्हणाला, "वहिनी, हे ठरल्यात नाय. वरचे नऊ हजार होतील, नायतर इथं रस्त्याच्या कडेला उतरवून देतो." पाऊस सुरूच. मुलगा गाडीत झोपलेला, सासूबाईंचे गुडघे दुखतात त्यांना कुठे बसवायचं कळेना. अर्धा तास वाद घालून साडेसहा हजारावर आलं. माझं अजूनही म्हणणं आहे की पायऱ्या आहेत म्हणून जास्त मागणं चुकीचं नाही, ते काम खरंच जिवावरचं आहे, पण भर पावसात गाडी गेटपाशी आल्यावर मागणं हे नाडणं आहे. आणि एवढे घेऊनही फ्रिज आणि लोखंडी कपाट त्यांनी गेटपाशीच ठेवलं आणि "हे आमच्याच्यानं नाय" म्हणून गाडी वळवून निघून गेले.

ते कपाट कसं खाली आलं ते लिहिते कारण तुमच्यावर वेळ आली तर उपयोगी पडेल. वरच्या घरातल्या काकू हे सगळं बघत होत्या. त्यांनी फोन केला आणि वीस मिनिटांत राजिवडा बंदराकडून चार जण आले, डोक्यावर गोणपाटाच्या खोळी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते त्यामुळे बंदरावरच्या माणसांना या दिवसांत असं काम चालतं. त्यांनी आधी कपाटाची दारं बिजागरीवरून काढली, खण बाहेर काढले. मग पायऱ्यांवर बांबूची शिडी आडवी टाकली, कपाट तिच्यावर पाठीवर झोपवलं, कपाटाला काथ्याचा जाड सुंभ बांधून त्याचा फेरा वरच्या एका झाडाच्या बुंध्याला दिला आणि वरचा माणूस सुंभ वीतवीत सोडत गेला. खाली दोघं, एकाच्या डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर कपाटाचा कोपरा. एकजण पुढे चालत प्रत्येक पायरीवर मूठभर रेती टाकत होता. कुणी ओरडत नव्हतं, फक्त रेतीवाला "आली", "लांब", "आली" असं पायरीगणिक सांगायचा, लांब म्हणाला की सुंभवाला थांबायचा. वळणावर कपाट उभं केलं, गडग्यावरून उचललं आणि पलीकडे घेतलं. पन्नास मिनिटं लागली, कपाटाला एक पोचा नाही. फ्रिज तर एकट्याने पाठीवर पट्टा लावून नेला. दोन्हीचे मिळून १,८०० घेतले, आणि चहा. त्यातला वयस्कर माणूस जाताना म्हणाला, "आदल्या दिवशी सांगितलं असतंत तर सगळंच सामान तीन-साडेतीन हजारात खाली नेलं असतं." मला रडू आलं तेव्हा, थकव्याने असेल.

तर सल्ला हा. टेम्पोवाल्याशी फक्त रस्त्यापर्यंतचं बोला आणि तेवढेच पैसे ठरवा. रस्त्यापासून घरापर्यंत त्याच वाडीतली माणसं बघा, घरमालक नाहीतर शेजारी नंबर देतात. पेट्या लहान भरा, एका माणसाला डोक्यावर घेता येईल एवढ्याच, पुस्तकांच्या तर अगदी लहान. आणि दिवाणाची पाठ, मोठं सोफ्याचं धूड, सहा माणसांचं एकसंध टेबल असलं काही आणू नका, पुण्यातच विकून या.

घरात पोचल्यावरची पहिली रात्र वेगळीच. मालकांनी फोनवर सांगितलं होतं की शाकारणी झालीय, म्हणजे पावसाआधी कौलं काढून, फुटकी बदलून परत बसवतात ते. झाली असेलही, पण नंतर माकडांनी कौलं सरकवली होती. रात्री दोन वाजता माजघरात चार ठिकाणी धार. लाइट गेलेली. पातेली, टब, बादल्या अजून पेट्यांमध्ये आणि कुठल्या पेटीत काय ते लिहिलेलं नाही. मार्करने पेटीवर लिहा, आणि एक पेटी वेगळी ठेवा जिच्यात टॉर्च, मेणबत्त्या, दोन बादल्या, मोठं प्लॅस्टिक, दोर, पोळपाट-लाटणं आणि चहाचं सामान असेल, ती गाडीत स्वतःजवळ, टेम्पोत नाही. कौलारू घर घेत असाल तर राहायला यायच्या आदल्या आठवड्यात माळ्यावर चढून दिवसा उजेडात बघा, जिथून उजेड दिसेल तिथून पाणी येणार.

टॉर्चबद्दल अजून. रात्री पाखाडीवर टॉर्चशिवाय पाय टाकायचा नाही. या भागात फुरसं असतं, लहानसा दिसणारा पण विषारी साप, दगडाच्या रंगाचा, गडग्याच्या फटीत बसतो. गडग्यावर हात टेकायचा नाही, मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. चावलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ सिव्हिल.

मधले आठ-दहा दिवस चांगले गेले, आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाऊन आलो.

मग बुरशी. तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याचे चामड्याचे बूट हिरवे, माझ्या दोन पर्स पांढऱ्या, पुण्याहून आणलेल्या कापसाच्या गाद्यांना कोंदट वास. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत, त्यामुळे ऊन पडेल मग वाळवू हा हिशेब इथे चालत नाही. काकूंनी सांगितलेलं करा: कपाटात खालच्या खणात जुना पिवळा बल्ब दिवसातून तासभर, कपड्यांना लागणार नाही असा, भांड्याच्या झाकणावर. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे. कपाटाचे लोखंडी पाय विटांवर, आणि पायांना येण्याआधीच रेड ऑक्साइड मारून घ्या, आमच्या कपाटाला दीड महिन्यात गंज दिसायला लागला. चामड्याचं काही आणू नका.

गॅस. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो आणि तो देणारा माणूस गेटवरून हाक मारतो. खाली आणायचे शंभर मागतो, ते मी आनंदाने देते, पावसात ८३ पायऱ्या तो उतरतो आणि रिकामा घेऊन चढतो. पाण्याचं तसंच, पावसाळ्यात विहीर तुडुंब, हाताने कळशी बुडते, पण मे महिन्यात ती तळाला जाते असं शेजारी सांगतात आणि टँकर पाखाडी उतरत नाही, रस्त्यावरून टाकीपर्यंत नळी टाकायची सोय आहे का ते करार करण्याआधी बघा. शहराला पाणी मुख्यतः शीळ धरणातून येतं, तुमच्या आळीत नळाला किती वाजता आणि किती वेळ येतं हे एजंटला नाही, शेजारणीला विचारा.

रिक्षा: रेल्वे स्टेशन गावापासून सहा-सात किलोमीटर बाहेर, कुवारबावच्या बाजूला. रात्रीच्या गाडीने उतरलात आणि हातात बॅगा दिसल्या की आकडा वाढतो, माझ्याकडून पहिल्यांदा ४०० घेतले, तिथूनच सकाळी दुसऱ्याने २०० घेतले. बसायच्या आधी ठरवा. आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालवतात, जुन्या वेळेवर विसंबून स्टेशनात जाऊन बसू नका.

कुठे घर घ्यावं याबद्दल माझं मत, मागितलं नाही तरी. घरात म्हातारं माणूस असेल तर मारुती मंदिर, नाचणे रोड, साळवी स्टॉप हा वरचा सपाट भाग, फ्लॅट, लिफ्ट, दुकानं खाली, समुद्र दिसत नाही पण रोज पायऱ्याही नाहीत. मांडवीकडे खाली सपाट आहे आणि काळ्या वाळूचा किनारा हाकेच्या अंतरावर, पण खारा वारा थेट, टीव्ही, मिक्सर, सायकल सगळं लवकर गंजतं. मिऱ्याच्या बाजूला पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला बंधाऱ्यावर लाटा फुटतात, तिथलं घर जुलैमध्ये बघूनच ठरवा, जानेवारीत नाही. आमच्यासारखं उतारावरचं घर फक्त गुडघे धड असलेल्यांनी. सासूबाई जवळपास दोन महिन्यांत चारदाच वर आल्यात, एकदा डॉक्टरकडे, आणि एकदा पतितपावन मंदिरात त्यांना जायचंच होतं म्हणून, दोन्ही वेळा नवरा एक पायरी पुढे आणि मी एक पायरी मागे.

आणि तरी आम्ही हे घर सोडणार नाही. १ ऑगस्टला सकाळी उघाड होती, मी पडवीत चहा घेऊन बसले होते आणि खाडीतून होड्या बाहेर पडताना दिसल्या, एकामागोमाग एक, दोन महिन्यांनी. दोन दिवसांनी कपाटवाल्यांपैकी एकजण बांगड्यांचा मोठा वाटा देऊन गेला, पैसे घेईना. त्या दिवशी मी पाखाडी न थांबता चढले.

दिवाणाची पाठ अजून काकूंच्या पडवीत उभी आहे, वळणावरून येत नाही. ऑक्टोबरात दगड सुकले की सुतार बोलवून मधोमध कापून आणायची आहे.