मांडी घालून काम करणाऱ्यांची पाठ

कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, कारागिराचा दिवस मांडी घालूनच जातो. पुढ्यात बुटकं टेबल, नजर हातातल्या दागिन्यावर, मान खाली. कोल्हापुरी साजाची 21 पानं घडवायची. मासा, कासव, चंद्र, बेलपान, प्रत्येकाची कड घासायची, जोड झाळायचे. काम इतकं बारीक असतं की वाकल्याचं भानच राहत नाही. माझ्या वडिलांच्या पिढीत याला ‘कमर धरली’ म्हणायचे आणि धंद्याचाच एक भाग म्हणून सोसायचे. मला ते पटत नाही, म्हणून हे लिहितोय.

माझं दुखणं लग्नसराईत सुरू झालं. डाव्या कुल्ह्यातून कळ निघायची ती मांडीच्या मागून, पोटरीतून थेट पायाच्या करंगळीपर्यंत. शिंक आली की आधी भिंत धरायचो. बातमी गल्लीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं फरशीवर झोप, कुणी म्हणालं पट्टा बांध, मेहुणे तर हाड बसवणाऱ्याकडे न्यायला गाडी घेऊनच आले. मी डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी आधी प्रश्नच विचारले. लघवी-संडासवर ताबा आहे ना? जांघेत, बैठकीच्या जागी बधिर वाटतं का? चालताना पाऊल लुळं पडतं का? यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा, हे त्यांनी दोनदा बजावलं. माझं तसं नव्हतं. मग उताणं झोपवून सरळ पाय उचलून पाहिला, घोट्यामागं हातोडी मारून पाहिली. कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची चकती नस दाबत असणार, असं म्हणाले. मी एमआरआयचं विचारलं तर म्हणाले, “आत्ता घाई नको. काही दुखत नसलेल्या माणसांच्याही चकत्या फोटोत फुगलेल्या दिसतात. 6 आठवड्यांत उतार पडला नाही तर करू.” आणि अंथरुणाला खिळून राहायचं नाही. फार तर एखाद-दोन दिवस आराम, मग चालायचं.

खरं वळण मिळालं ते फिजिओथेरपीच्या मॅडमकडे. त्यांनी समजावलं की मणक्यांमध्ये 23 चकत्या असतात आणि मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. शेजारच्या हाडातून जे झिरपतं त्यावर ती जगते, आणि हे झिरपणं नीट व्हायला हालचाल लागते. दाब पडला पाहिजे आणि सुटलाही पाहिजे. तासन्‌तास एकाच बैठकीत दाब सुटतच नाही. हे कळल्यावर माझ्या डोक्यातला प्रश्नच बदलला. माझा धंदा बसण्याचाच. बसणं सुटणार नाही, पण त्याचे तुकडे करता येतात.

मॅडमनी माझ्या पाठीवर उभी काठी धरली. डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाडाच्या वरचं हाड, तिन्हीकडे ती टेकली पाहिजे. “आता वाका काका, काठी सुटू द्यायची नाही.” वाकलो की खालून काठी सुटायची, कारण मी कमरेतून मोडत होतो. गुडघे थोडे सैल, बूड मागं, आणि वाकायचं खुब्यातून. जमायला बरेच दिवस गेले. आमच्या शेजारी तालमीतले जुने वस्ताद राहतात, त्यांना दाखवलं तर म्हणाले, “अरं, बैठकेत पोरांना ह्येच सांगतो मी. कमरंत मोडू नगंस, खुब्यातनं बस.” ते ऐकून मला फार बरं वाटलं. जोर मारणं मात्र कळ असेपर्यंत मॅडमनी बंदच ठेवलं होतं.

दुकानात मोठा बदल केला तो टेबलाचा. उद्यमनगरातून छातीच्या उंचीला येईल असं उंच टेबल करून घेतलं, सोबत स्टूल. घासणं आणि झाळणं आता तिथं. दागिना डोळ्यांकडे येतो, डोळे दागिन्याकडे जात नाहीत. डोक्याला लावायचं भिंग घेतलं, दिवा जवळ आणला. डोक्याचं वजन साधारण 5 किलो. मान जितकी पुढं झुकेल तितका मागच्या स्नायूंवर ओढा जास्त. जे काम खाली बसूनच करावं लागतं तिथं बुडाखाली घोंगड्याची जाड घडी घेतो, म्हणजे गुडघे खुब्याच्या खाली राहतात आणि कमर गोल होत नाही. माठ मुद्दाम दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेलाय. अर्ध्या तासानं उठायला तेवढं निमित्त पुरतं.

सकाळचंही गणित बदललं. रात्री पडल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून माणूस सकाळी जवळपास सेंटिमीटरभर उंच असतो. अशा फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. तेव्हा उठल्यावर पहिला तासभर खाली वाकून करायचं काहीच नाही. फिरणं रंकाळ्यावर, सुरुवातीला जेमतेम दोन बाकांएवढं.

घरात हिनं लांब दांड्याचा झाडू आणला. सिलिंडर मी एकट्यानं उचलत नाही. आत गॅसच 14.2 किलो आणि वर तेवढंच लोखंड. कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी. पैशाचं पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात. आमच्या गल्लीत तंबाखू मळणारे पुष्कळ, त्यांना मी हात जोडून सांगतो: निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि चकतीला मिळतं तेच मुळात थोडं.

गेल्या पावसाळ्यात पोटरीत कळ परत आली. पूर्वी घाबरलो असतो. तेच तीन प्रश्न स्वतःला विचारले, उत्तरं ‘नाही’ आली, मग खाली बसायचं काम बाजूला ठेवून उभ्यानं होईल तेवढं केलं, चालणं सोडलं नाही. हळूहळू उतरली. दुकानातल्या दोन्ही पोरांसाठीही आता उंच टेबलं करायला टाकलीत. मिस्त्री दोन्ही एकाच मापाची करणार होता. त्याला थांबवून पोरांनाच तिकडं पाठवलं, ज्याच्या त्याच्या छातीचं माप घ्यायला.