एस्नाच्या कुंभाराला अर्धा तास

नाईलवरच्या क्रूझबद्दल फार सांगत नाही. जेवण उदंड, चहा पाणचट, आणि आस्वानपासूनचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. नाईलकाठचं एस्ना गाव मात्र डोक्यातून जात नाही. तिथल्या खनूम या प्राचीन इजिप्शियन देवाच्या देवळाला आमच्या गाईडने दिला अर्धा तास, त्यातला बराचसा बाजारातल्या स्कार्फवाल्यांना चुकवण्यात गेला.

बाजारातून चालताना देऊळ दिसतच नाही. ते रस्त्यापासून नऊएक मीटर खाली, खड्ड्यात आहे. शतकानुशतकं भर साचत गेली आणि गाव वर चढत गेलं. आधी छपराशी उभं राहायचं, मग जिने उतरायचे. आज उभा आहे तो रोमन काळातला 24 खांबांचा मंडप. छत काजळीने काळंठिक्कर होतं. 2018 पासून इजिप्शियन आणि जर्मन तज्ज्ञांनी ते साफ करायला घेतलं आणि आतून निळा, पिवळा, लाल असे रंग बाहेर आले. मी मान मोडेपर्यंत वरच बघत राहिले.

खनूमचं डोकं मेंढ्याचं. तो चाकावर मातीची माणसं घडवतो. राणी हत्शेप्सुतच्या, लक्सोरजवळच्या देर अल-बहरीच्या देवळात तो तिला आणि तिच्या 'का'ला, म्हणजे प्राणरूपाला, जोडीने घडवताना कोरलाय. सोबत बेडूकतोंडी देवी हेकेत. एस्नाच्या खांबावरचं स्तोत्र तर थेट शरीरात शिरतं. त्याने हाडांभोवती रक्त खेळवलं, केस उगवले, अंगावर कातडी बसवली, गिळायला घसा दिला, आधाराला कणा दिला, मूत्राशयसुद्धा विसरला नाही. वर परदेशी, वेगळ्या बोलीची माणसंही त्याचीच लेकरं. दुसऱ्या एका स्तोत्रात ओळीच्या ओळी मेंढ्यांच्याच चित्रांनी लिहिल्यात. नुसता कळप! मला हसू आवरेना.

ग्रुपमध्ये वसईच्या एक काकू होत्या, ख्रिस्ती. त्या किंडलवर बायबलमधल्या मोशेच्या काळातली इंग्रजी कादंबरी वाचत होत्या. अशा कादंबऱ्यांत देवाने इजिप्तवर आणलेल्या दहा पीडा म्हणजे इजिप्तच्या एकेका देवाची जिरवणं: नाईलचं रक्त झालं की नदी राखणारा खनूम हरला, बेडूक आले की हेकेतची फजिती. काकूंच्या पुस्तकातही खनूम म्हणजे मुका दगड आणि त्याचे पुजारी लबाड. पुजाऱ्यांबद्दल मी वाद घातला नाही. इसवी सनपूर्व 410 मध्ये आस्वानजवळच्या एलेफंटाइन बेटावरचं ज्यूंचं मंदिर पाडलं गेलं, ते खनूमच्या पुजाऱ्यांच्या चिथावणीने, अशी तिथल्या ज्यूंची तक्रार अरामी भाषेतल्या पपायरसवर आजही वाचता येते. पण ज्याने मूत्राशयापर्यंत विचार केला त्याला मुका दगड म्हणणं मला पटेना. कादंबरीला खलनायक लागतो, हे मान्य. तरी लेखकाने हा खांब एकदा वाचायला हवा होता.

काकू त्या खांबापुढे थांबल्या. "अगं, आमच्या बायबलच्या यशयात पण हेच आहे," म्हणाल्या, "आम्ही माती, तू कुंभार. पण आमचा देव मेंढ्याच्या तोंडाचा नाही हां!" आणि फोटो काढायला मोबाईल माझ्या हातात दिला.

तेवढ्यात गाईडची शिट्टी. लक्सोरला पोचल्यावर अत्तराच्या दुकानात मात्र आम्हाला दीड तास बसवून ठेवलं. काकूंनी तीन बाटल्या घेतल्या.